ऊसतोडीला गेलेली वस्ती आणि सतरा नंबरचा पंखा

"साहेब, सही करा की. उद्या सकाळी गाड्या लागत्यात," ठेकेदाराचा सुपरवायझर खड्ड्याच्या काठावरून ओरडला.

मी खाली सळईच्या जाळीत वाकून उभा होतो. सतरा नंबरच्या पवनचक्कीचा पाया दुसऱ्या दिवशी भरायचा होता आणि त्याआधीची शेवटची तपासणी माझ्याकडे होती. पवनचक्कीचा पाया बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून थोडं सांगतो. लग्नाचा मांडव मावेल एवढा गोल खड्डा असतो. तळाला काँक्रीटचा पातळ थर देऊन त्यावर सळई विणलेली असते आणि मधोमध उभ्या बोल्टांचं एक कडं असतं. त्या कड्यावर टॉवर उभा राहतो. काँक्रीट एकदा सुरू केलं की मध्ये थांबता येत नाही. थांबलो तर जुन्या आणि नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो, आणि एवढा उंच टॉवर वाऱ्यात हलायला लागला की तो सांधा बोलतो. शिवाय सळई चुकली तर सोडवता येते. भरलेलं काँक्रीट सोडवता येत नाही. त्यामुळे भरायच्या आदल्या दिवशी इंजिनिअर सही करतो, ती नुसत्या सळईखाली नसते, त्या जागेखालीही असते.

ही गोष्ट चौसाळ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या डोंगरपठारावरची आहे. मी या धंद्यात आलो तेव्हा पवनचक्की बघायला लोक सहलीला जात. आता आमच्या जिल्ह्यात एका पठारावर दोन-तीन कंपन्यांचे पंखे एकमेकांकडे तोंड करून उभे असतात आणि खालच्या माळावर सौरऊर्जेच्या काचा पसरलेल्या असतात. चौसाळ्यात भाड्याची खोली मिळायला ओळख लागते. आमचं साइट ऑफिस खताच्या दुकानाच्या वर होतं. युरियाच्या वासात आम्ही नकाशे पसरायचो. मी आठवडाभर तिथं राहायचो आणि शनिवारी अंबाजोगाईला घरी जायचो.

तर त्या दिवशी सळई ठीक होती. मी वर आलो, सुपरवायझरला म्हटलं, "पाणी पिऊन येतो, मग सही करतो," आणि सावली शोधत पश्चिमेला चालायला लागलो. तिकडं एका लिंबाखाली काही घरं होती. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, पत्र्यांवर दगड ठेवलेले. आमच्या नकाशावर ही घरं 'वापरात नसलेली शेड्स' अशी दाखवलेली होती. नकाशा बंगळूरच्या एका सल्लागार फर्मने केला होता. त्यांचा माणूस जानेवारीत येऊन, पाहणी करून, फोटो काढून गेला होता.

मी लिंबाखाली बसलो आणि समोरच्या दाराकडे पाहत पाणी प्यायलो. दाराला कुलूप होतं. कुलपाला दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळून वरून सुतळी बांधलेली होती. पावसाने गंजू नये म्हणून माणसं असं करतात. दारापुढे बाभळीची फांदी आडवी टाकलेली होती, शेळ्या-कुत्री उंबऱ्यावर बसू नयेत म्हणून. अंगणातली चूल पालथ्या घमेल्याखाली झाकलेली होती. आणि अंगण झाडलेलं होतं. खराट्याच्या रेघा मातीत स्पष्ट होत्या, त्याच सकाळच्या असाव्यात.

टाकून दिलेल्या शेडचं अंगण कुणी झाडत नाही.

मी पुढच्या घरापाशी गेलो. तिथंही कुलूप, फांदी आणि झाडलेलं अंगण. त्याच्या पुढच्या घरीही तेच. तेवढ्यात मागून आवाज आला.

"कोण हाय? काय पायजे?"

पन्नाशी ओलांडलेली एक बाई शेळ्या हाकत येत होती. एका गुडघ्यावर जरा कमी भार देत चालत होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"पंख्याच्या कंपनीतला आहे, बाई. सावलीला आलो होतो."

"मंग बसा की. हिंडताव कावून घराघरानं?"

"ही घरं कुणाची?"

"कुणाची म्हंजे? घरवाल्यांची."

"आणि घरवाले?"

"उसाला गेलेत. सांगलीकडं." तिनं हनुवटीनं सगळी वस्ती दाखवली. "समदी गेलीत. माझा पोरगा, सून, दीर, जाऊ. मी बी जायची, पन गुडघ्यानं धोका दिला. आता मी हितं राखन."

तिचं नाव कौसाबाई. सगळ्या वस्तीच्या किल्ल्या तिच्याकडे असत. रोज एकेक करत ती सगळी अंगणं झाडायची.

"जानेवारीत एक मुलगा फोटो काढायला आला होता. भेटला का तुम्हाला?"

"आलता म्हनं. मी शेरडं घेऊन खाली वड्याला गेलते. त्यानं कुलपाचे फोटू काढले अन् गेला. गुराख्याचं पोरगं सांगत होतं."

मी फोनवर नकाशा उघडला आणि कौसाबाईच्या अंगणापासून आमच्या खड्ड्यापर्यंतचं अंतर मोजलं. राहत्या घरापासून पंखा किती लांब असावा याचा आमच्या कंपनीचा स्वतःचा नियम आहे. हे अंतर त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं.

हा नियम उगाच नाही. पंखा पावसाळ्याच्या वाऱ्यात जोरात फिरतो तेव्हा पात्यांचा एक सलग घुम् घुम् आवाज येतो. दिवसा तो कानाआड होतो, रात्री झोपेत शिरतो. दुसरी गोष्ट सावलीची. सकाळी सूर्य खाली असताना फिरत्या पात्याची सावली लांबवर पडते आणि घरावरून पुन्हा पुन्हा सरकते. घरात बसलेल्या माणसाला कुणीतरी दिवा लावतंय, विझवतंय असं वाटत राहतं. कॉम्प्युटरमध्ये घरांच्या जागा भरल्या की ही सावली कुठल्या महिन्यात कुणाच्या दारात पडेल ते कळतं. पण घर भरायला तर हवं. शेड भरलं की कॉम्प्युटर गप्प बसतो. ही वस्ती आमच्या खड्ड्याच्या पश्चिमेला होती. म्हणजे उन्हाळ्यात, नेमकी माणसं उसावरून घरी आलेली असताना, ती सावली थेट त्यांच्या उंबऱ्यात पडणार होती.

सुपरवायझर मागोमाग आलाच होता. "साहेब, सही?"

"थांब जरा."

"थांबून कसं चालंल? प्लांटवाल्यानं खडी-सिमेंट समदं लावून ठिवलंय."

"थांब म्हटलं ना."

मी पुण्याला अदिती मॅडमना फोन लावला. त्या प्रोजेक्टच्या प्रमुख. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान, कामाला पक्क्या, आणि बोलताना कधी आवाज चढवत नसत.

"शिंदे सर, रिपोर्टमध्ये तिथं शेड्स आहेत," त्या म्हणाल्या.

"रिपोर्ट चुकला आहे. घरं आहेत."

"कशावरून?"

मी कुलपांचं, चुलीचं, अंगणांचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"आणि माणसं?"

"एक बाई भेटल्या."

"एक बाई म्हणजे एक घर झालं. बाकीची?"

"ऊसतोडीला गेलीत. पट्टा पडल्यावर येतील."

"म्हणजे कधी?"

"साखर कारखाना गाळप बंद करतो त्याला इथं पट्टा पडला म्हणतात. ऊस किती शिल्लक आहे त्यावर असतं ते. मार्चअखेर, एप्रिल."

"सर, काँक्रीटचा पोअर उद्या आहे."

"म्हणूनच आज फोन केला."

त्यांनी रिपोर्टची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण वरती मी 'शिंदे सरांना वाटतं' एवढं सांगून खणलेला खड्डा रद्द करू शकत नाही. सरपंचांची ना-हरकत आहे, जमीनमालकाचा करार आहे, सल्लागाराचा रिपोर्ट आहे. या सगळ्यापुढे ठेवता येईल असं काहीतरी दाखवा. दुपारपर्यंत. नाहीतर मला पोअर करावाच लागेल."

बोलणं रास्त होतं. त्यांच्या जागी मीही हेच बोललो असतो.

मला सुचलं ते इंजिनिअरला सुचतं तेवढंच. फोटो. घरात भांडी असतील, कणगीत धान्य असेल, भिंतीवर लग्नाचा फोटो असेल. ते काढून पाठवावेत.

"कौसाबाई, एवढी दोन-तीन घरं उघडता का? आत पाऊल टाकत नाही, दारातूनच फोटो काढतो."

तिनं किल्ल्यांवर हात ठेवला. "न्हाई."

"तुमच्याच भल्यासाठी आहे."

"आसंल. पन त्येनी मला घर राखाया दिलंय, दाखवाया न्हाई. माझं घर दाखवते, या. दुसऱ्याचं न्हाई."

तिचं घर मी दारातूनच पाहिलं. पण एक घर आधीच कबूल झालं होतं. त्याचा उपयोग नव्हता.

मी लिंबाखाली येऊन बसलो आणि सुनंदाला फोन केला. माझी पत्नी घाटनांदूरला शिक्षिका होती. तिची मधली सुट्टी असायची त्या वेळेला मी बहुतेक रोज फोन करत असे. कामाचं काही अडलं तर सांगायचो, नाही अडलं तर ती काय वाचतेय ते विचारायचो. मी सगळं सांगितलं.

"यात नवल काय?" ती म्हणाली. "माझा अर्धा वर्ग दिवाळीनंतर असाच कुलूपबंद असतो. एप्रिलमध्ये येतात आणि पाढे विसरून येतात. पण येतात."

"ते मला माहीत आहे गं. मॅडमना कसं पटवू?"

"तू त्या लोकांशी बोललास?"

"ते सांगलीला आहेत."

"सांगलीत फोन नसतात का?"

मागे मुलांचा गलका वाढला. "घंटा झाली," म्हणून तिनं फोन ठेवला.

मी स्वतःशीच हसलो. अंतर मोजलं, कुलपं पाहिली, फोटोंचा विचार केला. ज्यांची घरं त्यांना विचारावं हे डोक्यात आलं नव्हतं. कौसाबाईकडे बटणांचा फोन होता. सुनेनं दोन नंबरच्या बटणावर स्वतःला बसवून दिलं होतं. कौसाबाईनं ते दाबलं. मनीषा म्हणजे तिची सून फोनवर आली.

"काय झालं आत्या? शेरडू नेलं का कुनी?"

"शेरडाला काय हुतंय? हे कंपनीचे साहेब बोलत्यात. घे."

मी थोडक्यात सांगितलं. मनीषानं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "जरा दम धरा. फडात ट्रक भरतोय. मोळ्या वर गेल्या की फोटोचा फोन लावते." म्हणजे व्हिडिओ कॉल. मी माझा नंबर दिला आणि अदिती मॅडमना कळवलं की फोन येईल तेव्हा तुम्हालाही जोडून घेतो.

दरम्यान सुपरवायझर गप्प बसला नव्हता. त्यानं बापूंना कळवलं होतं. बापू म्हणजे सतरा नंबरच्या जागेचे मालक. पठारावरचं ते लांबट रान त्यांचं. दक्षिणेला आमचा खड्डा, उत्तरेला सीताफळाची बाग. पूर्वी जिल्हा परिषदेवर निवडून आलेले, आणि आता कोण निवडून येणार ते ठरवणारे. त्यांची जीप धुरळा उडवत आली. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, सोबत दोन माणसं.

"काय इंजिनेर साहेब, काम थांबवलं म्हनं?"

"थांबवलं नाही बापू. विचारतोय. ही घरं फार जवळ आहेत."

"कंची घरं?" त्यांनी वस्तीकडे असं पाहिलं की जणू ती आत्ताच उगवली. "अहो, सहा-सहा म्हैने कुलूप. कोन राहतंय तितं? चिमन्या अन् सरडे."

"बापू, मी हाय की," कौसाबाई म्हणाली.

"तू हाईस गं. तुजं कोन म्हनलं? साहेब, पंखा हितून हालला अन् दुसऱ्याच्या रानात गेला तर मी काय खड्ड्याकडं बघत बसू? करार झालाय."

"दुसऱ्याच्या रानात नेतो असं म्हटलं नाही मी."

"मंग?"

मला उत्तर द्यायचं होतं, पण फोन वाजला. मनीषाचा व्हिडिओ कॉल. मी मॅडमना जोडून घेतलं आणि फोन कौसाबाईच्या हाती दिला. पडद्याच्या एका चौकोनात पुण्याचं ऑफिस होतं, एका चौकोनात उसाचा फड. मनीषानं डोक्याला रुमाल गच्च बांधलेला, अंगावर नवऱ्याचा जुना फुल शर्ट. मागं अर्धा भरलेला ट्रक आणि वस्तीतल्याच दोन-तीन बाया पाचटावर बसलेल्या.

मॅडमनी नमस्कार केला. "तुमची घरं इथं आहेत ना, पठारावर? तुम्ही तिथं राहता का, एवढंच मला..."

"कोन राहतंय मॅडम!" बापू मागून म्हणाले. "कुलपं हायत. चिमन्या राहत्यात."

"कोन बोलतंय ते?" मनीषानं फोन जवळ धरला. "बापू का? राम राम बापू!"

मतदारांनी राम राम घातला की बापूंना उत्तर द्यावंच लागतं. "राम राम. कसा हाय ऊस?"

"ऊस लई. लोळलाय बी लई. पन बापू, आमची घरं चिमन्यांची कवापासून झाली? मागच्या इलेक्शनला तुमी जीप धाडलीती आमाला आनाया. रातभर बसून आलतो आमी. चिमन्यांला जीप लागती व्हय?"

पाचटावरच्या बाया खिदळल्या. त्यातली एक लांबूनच ओरडली, "अन् जीपमदी जागा पुरली न्हवती बापू! अवंदा ट्रक धाडा!"

इकडं बापूंच्या सोबतचा एक जण तोंड फिरवून हसला. बापूंनी त्याच्याकडे पाहिलं. "काय बे, दात कावून काढतो?" आणि मग ते स्वतःच हसायला लागले. राजकारणात मुरलेला माणूस कुठं हसून मोकळं व्हायचं ते ओळखतो.

पुण्याच्या चौकोनात मात्र कुणी हसत नव्हतं. "एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "जीप कसली?"

बापूंनी टोपी नीट केली आणि फोनसमोर आले. "असं हाय मॅडम, मतदान उसाच्या दिसात आलं तर ही मान्सं तिकडं असत्यात. मंग वाहन पाठवून आनावं लागतं. समदेच पाठवत्यात."

"म्हणजे हे लोक इथलेच मतदार आहेत?"

"हितलेच की. बापजाद्यापासून."

"आणि या घरांत राहतात?"

बापूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कौसाबाईकडे, एकदा पडद्यावरच्या त्या हसऱ्या बायांकडे. "राहत्यात."

"आत्ता तुम्ही चिमण्या म्हणालात."

"ती बोलायची पद्धत असती, मॅडम."

मॅडमनी मान हलवली आणि समोर काहीतरी टाइप केलं. जमीनमालक स्वतः सांगतोय म्हटल्यावर वरती ठेवायला त्यांना आणखी काही नको होतं. जो माणूस अंतराच्या आड येणार, तोच माणूस घरांचा साक्षीदार झाला होता.

मी फोन परत घेणार एवढ्यात मनीषा म्हणाली, "मॅडम, माझं आजून झालं न्हाई."

"बोला."

"पंख्याला आमची ना न्हाई. हुबा करा. जरा लांब करा, येवढंच. पन तितं वाचमन ठेवता न्हवं? त्यो बाहेरून आनू नका. आमच्या वस्तीतला ठेवा."

"सिक्युरिटीचं कंत्राट वेगळ्या एजन्सीकडं असतं," मॅडम म्हणाल्या.

"मंग एजन्सीला सांगा. तुमचं ऐकंल त्यो. तुमीच काम देता ना त्याला?"

मी कौसाबाईकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनी सुनेला शाबासकी दिली. घरं वाचवायला मी फोन लावला होता. मनीषानं त्याच फोनवर पुढच्या वर्षाची सोय लावली. ऊसतोडीत मुकादम एकटा माणूस घेत नाही. नवरा-बायकोची जोडी घेतो. तिला तिकडं एक कोयता म्हणतात. नवऱ्याला इथं पगाराचं काम लागलं की जोडी फुटते, आणि मग बायकोलाही जायचं कारण उरत नाही. मनीषानं एका माणसाची नोकरी मागितली होती, पण तिच्या हिशेबात सुटत दोघंही होते.

"एका जागेचं मी बघते," मॅडम म्हणाल्या. "शब्द देते."

"बास," मनीषा म्हणाली. "ट्रक भरला. ठिवते."

आता माझी पाळी होती. मॅडमनी विचारलं, "सर, पर्याय काय? उद्याच्या गाड्या?"

गाड्यांचं उत्तर मी लिंबाखाली बसल्या बसल्याच काढलं होतं. एकवीस नंबरच्या खड्ड्यात सळई जवळजवळ बांधून झाली होती. आज ती पूर्ण करून घेतली आणि संध्याकाळी मी तपासली, तर उद्या सकाळी तेच काँक्रीट तिकडं भरता येणार होतं. मिक्सर थांबणार नाहीत, ठेकेदार ओरडणार नाही. फक्त गाड्यांनी उजवीकडे वळायचं तिथं सरळ जायचं.

"आणि सतरा?"

"सतरा बापूंच्याच रानात राहील. उत्तरेच्या टोकाला सरकवायचा. घरं लांब पडतात, सावली वस्तीच्या खालच्या माळावर जाते."

"पण तिकडं अठरा नंबर आहे. वेकचं काय?"

वेक म्हणजे काय ते सांगतो. पंख्यातून गेलेला वारा दमलेला आणि विस्कटलेला असतो. त्याच्या मागे लगेच दुसरा पंखा लावला तर त्याला कमी वीज मिळते. आमच्या साइटवरची पोरं त्याला उष्टा वारा म्हणतात. सरकवलेला सतरा अठराच्या जवळ जाणार होता. पण आमच्या पठारावर खरा वारा पावसाळ्यात, आणि तो पश्चिमेचा. तेव्हा हे दोन पंखे शेजारी-शेजारी उभे राहून आपापला ताजा वारा घेणार. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून फिरला की सतराला थोडा उष्टा मिळणार, पण त्या दिवसांत वारा मुळातच बेताचा असतो. तोटा होता, पण सहन होण्यासारखा. मी तसं सांगितलं.

"आकडे पाठवा," मॅडम म्हणाल्या. "मी मांडते."

फोन बंद झाल्यावर बापू म्हणाले, "उत्तरेच्या टोकाला माझी सीताफळं हायत."

"दोन ओळी जातील, बापू. भरपाई करारात आहे."

"झाडाची भरपाई झाड न्हाई देत." ते खड्ड्याकडे चालत गेले. बराच वेळ काठावर उभे राहून त्यांनी आत पाहिलं. "अन् ह्याचं काय करनार?"

"सळई काढून घेऊ. खड्डा बुजवून देऊ."

"बुजवू नका."

"म्हणजे?"

"तळाला तुमी पक्कं केलंय ना? ते राहू द्या. वरून कागद आथरला की शेततळं हुतंय. आमच्या तिघा भावांत कवापासून चाललंय, तळं खांदू, तळं खांदू. तुमी आयतं खांदलं." त्यांनी मिशीवर बोट फिरवलं. "पन कागद कंपनीचा."

शेततळ्यात अंथरायच्या प्लास्टिकला आमच्याकडे कागदच म्हणतात. मी म्हटलं, मॅडमना विचारतो. बापू म्हणाले, "इचारू नका, सांगा. त्या मनीषानं कसं सांगितलं तसं." आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

त्या संध्याकाळी एकवीस नंबरची सळई मी तपासली आणि सही केली. दुसऱ्या दिवशी गाड्या सरळ गेल्या. सतराच्या नव्या जागी जमीन तपासायला पुन्हा भोकं पाडावी लागली, कागदपत्रं पुन्हा फिरली, आणि सल्लागार फर्मने एक लांबलचक ईमेल लिहिली. तिचा सारांश असा की, पाहणीच्या वेळी तिथं कोणी आढळलं नाही. हे खोटं नव्हतं.

एप्रिलमध्ये वस्ती परत आली. ट्रकमधून गोधड्या, भांडी, कोंबड्या, पोरं उतरली. कौसाबाईनं एकेकाच्या हातात किल्ली दिली. सतराचा टॉवर पावसाळ्याच्या तोंडावर उभा राहिला. पहिल्या वाऱ्यात तो फिरायला लागला तेव्हा मी मुद्दाम कौसाबाईच्या अंगणात जाऊन उभा राहिलो. आवाज येत होता, पण बोलणं थांबवावं लागत नव्हतं. "येतोय की घुम् घुम्," कौसाबाई म्हणाली. "गिरनीवानी वाटतंय. झोप लागती." सकाळची सावली खाली माळावरून जायची, तिथं तिच्या शेळ्या चरायच्या. शेळ्यांची तक्रार नव्हती.

मनीषाचा नवरा अशोक अठरा आणि सतराच्या मधल्या केबिनमध्ये वाचमन म्हणून लागला. मॅडमनी शब्द पाळला. दसऱ्यानंतर मुकादम वस्तीवर आला तेव्हा बाकीच्या घरांना पुन्हा दुधाच्या पिशव्यांतली कुलपं लागली. एक दार उघडं राहिलं. फार मोठा बदल झाला असं मी म्हणणार नाही. एका वस्तीत एक दार. पण पठारावर पंखे वाढतायत, खाली सौर प्रकल्प वाढतायत, आणि प्रत्येकाला राखण लागते, गवत कापायला माणूस लागतो, काचा धुवायला माणसं लागतात. मनीषासारखं मागणारं कुणी असलं तर दारं वाढतील असं मला वाटतं, आणि मी हे उगाच आशेनं बोलत नाही. मी पाहिलेल्या तीन प्रकल्पांवर ते झालेलं आहे.

सुनंदाला तो पंखा दाखवायचा राहून गेला. पुढच्या वर्षी श्रावणात ती गेली. सांगलीत फोन नसतात का, हे तिचं वाक्य मी ऑफिसात बऱ्याच वेळा वापरलं आहे, कुणाचं आहे ते न सांगता. आता लिहिताना सांगावंसं वाटलं.

कंपनीच्या नियमावलीत आमच्या जिल्ह्यापुरती एक ओळ वाढली आहे. घरांची पाहणी पट्टा पडल्यानंतर आणि दसऱ्याच्या आधी करावी. मीच लिहिली ती. गेल्या डिसेंबरात एका नव्या कंपनीचा तरुण सर्वेअर आमच्या चौसाळ्याच्या ऑफिसात बसला होता. शेजारच्या पठारावर त्यांचे पंखे येणार आहेत. हवा छान आहे, आठवड्यात सगळी घरं मार्क करून टाकतो, असं तो उत्साहानं सांगत होता. मी त्याला म्हटलं, मे महिन्यात ये.

"मेमध्ये?" तो म्हणाला. "सर, मेमध्ये इथं ऊन केवढं असतं!"

"असतं," मी म्हटलं. "माणसंही असतात."